मामांना पाठविलेले पैसे

‘पैसे पाठविले’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणती तरी वस्तू एका गावाहून निघाली आणि दुसऱ्या गावी पोहोचली, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. कमरेला कसा बांधलेला एखादा जासूद, पाठीवर टपालाची थैली टाकलेला हरकारा, निदान लिफाफ्यात घडी घालून ठेवलेला बँकेचा ड्राफ्ट, असे काही तरी त्या चित्रात असतेच. आजच्या व्यवहारात यांपैकी काहीही नसते. नाणे जागचे हलत नाही, नोट हलत नाही, तिजोरीचे दारही किलकिले होत नाही. आणि तरीही हैदराबादेत कमी झालेली रक्कम अर्ध्या तासात परभणी जिल्ह्यातील एका खातेदाराच्या नावे जमा झालेली दिसते. हे घडते कसे, हे आम्ही दहावीच्या वर्गातील अडतीस विद्यार्थ्यांनी यंदा जवळून पाहिले. त्यात जे समजले ते, आणि त्याच्या ओघात जे घडले तेही, येथे सांगावयाचे आहे.

दामाजीपंतांची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या या भक्ताने दुष्काळात बादशाही कोठारे गोरगरिबांना मोकळी केली; बेदरच्या बादशहाने त्यांना जाब विचारण्यास बोलाविले; आणि पंत वाटेत असतानाच विठू नावाचा एक कांबळेधारी माणूस दरबारात आला, त्याने धान्याची सारी रक्कम मोजून दिली, रीतसर रसीद घेतली आणि तो अंतर्धान पावला. बेदर आमच्या शहरापासून काही फार दूर नाही, त्यामुळे ही कथा आम्हांला घरची वाटते. भाविक मंडळी तीत देवाचे वात्सल्य पाहतात व ते योग्यच आहे. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तरी विठूचे वर्तन बिनचूक होते. रक्कम किती, ती कोणाच्या वतीने आणि तिची पोच कोठे, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर दिल्याशिवाय तो दरबारातून हलला नाही. पुढे जे निवेदन येणार आहे, त्यात यांतील दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरला, म्हणून हा उल्लेख.

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. नद्यांनी पात्रे सोडली, काढणीला आलेले सोयाबीन उभ्याने कुजले, कित्येकांची घरे पडली. वर्तमानपत्रांतून या बातम्या येत होत्याच. पण बातमीतील ‘कित्येकांची घरे’ आणि ओळखीच्या माणसाचे घर यांत पुष्कळच अंतर असते. आमच्या शाळेचे जुने शिपाईमामा निवृत्त होऊन परभणी जिल्ह्यातील आपल्या खेड्यात राहावयास गेले, तेव्हा आम्ही चौथीत होतो. त्यांच्या घराची मागची भिंत रात्रीतून खचली व वरचे पत्रे वाकून निकामी झाले, हे वर्तमान त्या गावच्या शाळेतील एका गुरुजींनी आमच्या वर्गशिक्षिकाबाईंना कळविले. पहिलीत असताना रडणाऱ्या मुलांना ज्यांनी घंटेची दोरी हाती देऊन गप्प केले, ते हे मामा. घंटा वाजविण्याचा तो मान आमच्यापैकी निदान दहा-बाराजणांना तरी मिळालेला आहे, आणि त्यांतील काहीजण त्यासाठीच रडत असत, हेही आता सांगून टाकण्यास हरकत नाही.

चार दिवसांत वर्गात, शिक्षकांच्या दालनात व घरोघरी फिरून १८,६४० रुपये जमले. ते शाळेच्या कार्यालयात भरले गेले. आता प्रश्न आला तो पाठविण्याचा.

या प्रश्नावर आमच्या वर्गात जी चर्चा झाली, ती नागरिकशास्त्राच्या तासालाही कधी झाली नसेल. एकाचे म्हणणे, कोणी तरी देवगिरी एक्स्प्रेसने परभणीस जावे आणि पैसे मामांच्या हाती द्यावे. त्यात जिव्हाळा होता; पण जाणारा कोण, त्याचे भाडे कोणी द्यावयाचे आणि पुराने उखडलेल्या रस्त्याने पुढे खेड्यापर्यंत तो जाणार कसा, याचे उत्तर नव्हते. दुसऱ्याने सुचविले की भ्रमणध्वनीवरून एका क्षणात पाठवून द्यावे. सन २०१६ पासून आपल्या देशात यूपीआय नावाची जी पद्धती रूढ झाली, तिच्यामुळे भाजीवाल्यालाही आपण तसेच पैसे देतो. परंतु मामांजवळचा भ्रमणध्वनी केवळ बोलण्याचा, साधा. आणि शाळेच्या खात्यातून रक्कम काढावयाची, तर मुख्याध्यापक व संस्थेचे चिटणीस या दोघांच्या सह्या लागतात. तेव्हा बँकेत जाऊन, अर्ज भरून, एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात पैसे वळते करावयाचे, असे ठरले.

ही चर्चा आमच्यापैकी एकीने घरी सांगितली, तेव्हा तिचे आजोबा बराच वेळ हसत राहिले. आजोबा नव्वदीला टेकलेले आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहाजण त्यांच्याकडे गेलो आणि जे ऐकले, ते या विषयाचे मूळच होते म्हणावयाचे.

आजोबांचे वडील बंधू हैदराबाद संस्थानाच्या काळात पुण्यास महाविद्यालयात शिकत होते. वडिलांचा पगार निजामाच्या नाण्यात, म्हणजे हाली सिक्क्यात. आणि पुण्यात चालणार ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया, ज्याला इकडे ‘कलदार’ म्हणत. साधारणतः सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. मुलाला तीस रुपये पोहोचवावयाचे, तर घरातून पस्तीस निघत. त्यांचे वडील थट्टेने म्हणत, की हे पाच रुपये सोलापूरच्या आधीच गाडीतून उतरतात. हिंदुस्थानी रुपया इकडे १९५० मध्ये चालू झाला आणि १९५९ साली हाली सिक्का कायमचा बाद झाला, तोवर हा सहा-सातचा पाढा हैदराबादच्या प्रत्येक मराठी घरात तोंडपाठ होता.

व्यापाऱ्यांची रीत निराळी. बेगमबाजारातील सावकार मोठ्या रकमेसाठी हुंडी लिहून देत. येथे रक्कम भरावी, कागद घ्यावा व तो परगावच्या पेढीवर दाखविताच तेथे पैसे मिळावेत. दाखविताच पैसे ती दर्शनी, ठराविक दिवसांनी ती मुदती. बाजारात प्रतिष्ठित म्हणून ओळख असलेल्या माणसालाच जिचे पैसे मिळत, ती शाहजोग. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत देत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती ‘परपेठ’. आणि पैसे चुकते झाल्यावर त्या कागदाचा होई ‘खोका’. पेढ्यांचा आपसांतील हिशेब मागाहून मिटे. म्हणजे थैली त्याही काळी नेहमी प्रवास करीत नव्हती. प्रवास करीत होता शब्द, आणि थैली प्रसंगोपात्त मागून जात होती. ही गोष्ट आम्हांला फार नवलाची वाटली, कारण पुढे बँकेत जे ऐकले, त्यापेक्षा हे फारसे वेगळे नव्हते.

पण आजोबांचे मन रमले ते मनीऑर्डरीत. टपालखात्याने १८८० साली ही सोय सुरू केली. पोस्टमन दारात येऊन नोटा मोजून देई, सही किंवा अंगठा घेई आणि अर्जाच्या कडेचा एक छोटा तुकडा फाडून हाती ठेवी. त्या तुकड्यावर पाठविणाऱ्याला चार ओळी लिहिता येत. या चार ओळींत काय मावत नसे! प्रकृतीमान, परीक्षेची चौकशी, गाय व्यायल्याचे वर्तमान आणि ‘रात्री फार जागू नये’ हा उपदेश. पैसे खर्च होऊन जात. तो तुकडा ट्रंकेत राही. पाठविणाऱ्याकडे उलट टपालाने पोच येई, तीवर घेणाऱ्याची सही असे. वडील बंधूंच्या सहीचे अक्षर एकदा वेडेवाकडे आलेले पाहून आईने तो आजारी असल्याचे ओळखले होते, असे आजोबा म्हणाले. “तुमच्या बँकेच्या अर्जावर चार ओळी लिहावयास जागा असते काय?” त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, बघून सांगतो.

मामांचे खाते कोठे आहे, हे कळण्यासाठी बाईंनी त्या गुरुजींकडून पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मागविले. पैसे पाठवीत आहोत, असे मुद्दामच सांगितले नाही. आधी कळले असते, तर मामांनी साफ नाही म्हटले असते, हा त्यांचा स्वभाव बाईंना माहीत होता. ते छायाचित्र आले आणि आम्ही सारे त्यावर वाकून राहिलो. पासबुकावर नाव होते ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’चे!

ही बँक आता अस्तित्वात नाही. १९४१ साली संस्थानच्या कायद्याने ‘हैदराबाद स्टेट बँक’ म्हणून ती स्थापन झाली. पुढच्या वर्षी आमच्या शहरातील गनफौंड्री भागात तिची पहिली शाखा उघडली. हाली सिक्क्याची व्यवस्थाही तीच पाहत असे. १९५६ साली ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात गेली व तिचे नाव बदलले. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबादपासून निघून मुंबई राज्यात गेला. पण या बँकेच्या शाखा मराठवाड्यातील तालुक्यातालुक्यांत तशाच राहिल्या. राज्ये निराळी झाली, नकाशे निराळे झाले, तरी परभणीकडच्या शेतकऱ्याच्या ट्रंकेत हैदराबादचे नाव आणखी साठ वर्षे नांदले. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मामांनी हे खाते त्यापूर्वीच गावाकडे उघडले होते. पैसे काढावयाचे झाले, तर गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात जाऊन यंत्रावर अंगठा टेकवावयाचा, एवढाच त्यांचा परिपाठ. त्यामुळे पासबुक बदलून घेण्याची त्यांना गरज पडली नव्हती.

त्याच पानावर मामांचे संपूर्ण नाव होते. ते आम्ही त्या दिवशी प्रथम वाचले. चार वर्षे ज्यांच्या हातचे पाणी प्यालो, त्यांना मामा यापलीकडे नाव असेल, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते.

शाळेच्या लेखनिककाकांसमवेत आम्ही पाचजण बँकेत गेलो. तेथील अधिकारी तेलुगू भाषिक, बोलणे खास हैदराबादी हिंदीत, आणि स्वभावाने इतके हौशी की समोरची रांग सरल्यावर त्यांनी आम्हांला अर्धा तास दिला. छायाचित्र पाहून ते प्रथम शाखेच्या संकेतांकावर थांबले. प्रत्येक बँकेच्या प्रत्येक शाखेला अकरा चिन्हांचा एक संकेतांक असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि पुढील सहा चिन्हे शाखेची. मामांच्या पासबुकावरील चार अक्षरे होती एस, बी, एच, वाय. विलीनीकरणानंतर त्यांच्या जागी एस, बी, आय, एन आली आहेत. अधिकाऱ्यांनी नवा संकेतांक शोधून अर्जावर लिहावयास सांगितला. खात्याचा क्रमांक मात्र जुनाच राहिला होता. अर्जावर तो क्रमांक दोनदा लिहावा लागतो. याचे कारण त्यांनी सांगितले, ते आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. या पद्धतीत पैसे जमा होतात ते खात्याच्या क्रमांकावरून. नाव पाहून नव्हे. नाव बरोबर आणि एक अंक चुकीचा, तर रक्कम त्या चुकीच्या अंकाच्या धन्याकडे जाऊ शकते. यावर उपाय म्हणून, क्रमांक घातल्यावर त्या खात्याचे नाव पाठविणाऱ्यास दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना फर्माविले. अधिकाऱ्यांनी पडदा आमच्याकडे वळविला. त्यावर आडनाव आधी घातलेले मामांचे इंग्रजी नाव उमटले होते. लेखनिककाकांनी ते पासबुकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिले आणि मगच अर्ज पुढे सरकविला.

“आता पैसे कोणत्या वाटेने जातील?” आमच्यातील एकाने विचारले. अधिकारी हसून म्हणाले, “पैसे कहीं नईं जाते बेटा, हिसाब जाता.”

हा हिशेब जातो कसा, हे त्यांनी जे सांगितले, त्यासाठी आम्ही आमच्याच वर्गातील उदाहरण घेतो. मधल्या सुटीत शाळेसमोर उस्मानिया बिस्किटे व चहा मिळतो, आणि उधारी चालते. समजा, अ ला ब चे दहा रुपये देणे आहे, ब ला क चे दहा आणि क ला अ चे सात. तिघांनी तीन वेळा नाणी मोजण्याऐवजी वर्गप्रमुखाने वही काढली, तर दिसेल की ब चे घेणे-देणे फिटले. अ ने तीन द्यावेत व क ने तीन घ्यावेत, की सर्वांचे भागले. सत्तावीस रुपयांची उलाढाल तीन रुपयांत मिटली. देशातील बँकांच्या बाबतीत हे वर्गप्रमुखाचे काम रिझर्व्ह बँक करते. सर्व बँकांची खाती तिच्याजवळ असतात. शाळेच्या बँकेचा निरोप तिच्या केंद्राकडे गेला, की इतर हजारो निरोपांबरोबर तो लावला जातो. कोणत्या बँकेचे कोणाकडे निव्वळ किती निघते, याचा मेळ घातला जातो. तेवढा आकडा एकीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात फिरतो. आणि मामांच्या बँकेला निरोप मिळतो, की अमुक क्रमांकावर अमुक रक्कम जमा करावी. नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेस एन. ई. एफ. टी. म्हणतात. पूर्वी ती बँकेच्या वेळेतच चाले; १६ डिसेंबर २०१९ पासून मात्र रात्रंदिवस, सणवारीही, दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसातून ४८ वेळा हा मेळ घातला जातो.

मोठ्या रकमांसाठी, म्हणजे दोन लाख व त्यावरील, आर. टी. जी. एस. ही आणखी एक व्यवस्था २००४ च्या मार्चपासून आहे. तिच्यात मेळासाठी वाट पाहणे नाही. प्रत्येक रक्कम एकेकटी, तत्काळ आणि पूर्ण फिरविली जाते. सन २०१० मध्ये आलेली आय. एम. पी. एस. व तिच्यामागून आलेली यूपीआय यांत घेणाऱ्याला रक्कम त्याच क्षणी मिळते. बँकांचा आपसांतील मेळ मात्र मागाहून बसतो. येथे आम्हांला आजोबांची हुंडी आठवली. पण अधिकाऱ्यांना ‘परपेठ’ समजावून सांगणे आमच्या हिंदीला झेपले नाही.

आणखी एक गोष्ट कळली, तिचा आम्हांला अभिमान वाटला. हे बँकाबँकांतील निरोप ज्या सुरक्षित जाळ्यावरून जाण्याची सोय झाली, त्या ‘इन्फिनेट’ची उभारणी १९९९ साली आमच्याच शहरात, मासाब टँक येथील संस्थेने केली. बँकांच्या तंत्रविद्येचा अभ्यास करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. आमच्यापैकी तिघे रोज त्याच रस्त्याने शाळेस येतात. त्या फाटकाच्या आत काय चालते, याविषयी त्यांनी आजवर ज्या कल्पना केल्या होत्या, त्या येथे न सांगितलेल्या बऱ्या.

“आणि रक्कम मध्येच अडकली तर?” हाही प्रश्न विचारून घेतला. समोरच्या बँकेला काही कारणाने रक्कम जमा करता आली नाही, तर त्या वेळचा मेळ पुरा झाल्यापासून दोन तासांच्या आत तिने ती परत केली पाहिजे. उशीर केल्यास खातेदाराला व्याज द्यावे लागते. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक मिळतो आणि त्याच्या आधारे रक्कम कोठे आहे, हे शोधता येते. शुल्क पडले पाच रुपये व त्यावरील कर नव्वद पैसे. बचत खातेदाराने हेच काम घरबसल्या केले, तर जानेवारी २०२० पासून तेवढेही पडत नाही. मनीऑर्डरीला वीस रुपयांमागे एक रुपया पडे, हे लक्षात घेता या खात्यावर तरी नव्या काळाला दोष देता येणार नाही.

राहता राहिला आजोबांचा प्रश्न. अर्जावर शेऱ्याची एक बारीकशी ओळ होती. अधिकारी म्हणाले, “लिहा, पण मोजके शब्द, तेही इंग्रजी अक्षरांत. आणि पलीकडे ते वाचावयास मिळतीलच, अशी खात्री नाही. बहुधा व्यवहाराचा क्रमांक आणि पाठविणाऱ्या खात्याचे नाव एवढेच उमटते.” अडतीसजणांचे म्हणणे त्या ओळीत बसणार नव्हते. मग आम्ही शाळेत येऊन एक लांबलचक पत्र लिहिले, खाली अडतीस सह्या केल्या, आणि ज्यांची सही मामांना ओळखता येणार नाही, त्यांनी कंसात आपण पहिलीत कोठे बसत होतो, ते लिहिले. लिफाफा त्याच सायंकाळी पेटीत पडला.

अर्ज दिला तेव्हा पावणेबारा वाजले होते. साडेबाराला लेखनिककाकांच्या भ्रमणध्वनीवर संदेश आला, की रक्कम घेणाऱ्याच्या खात्यात जमा झाली. वर्गात टाळ्या पडल्या. बाईंनीही त्या थांबविल्या नाहीत.

त्यानंतर आठ दिवस मामांकडून काहीही कळले नाही. त्या भागातील विजेचे खांब पडले होते, संपर्क धड होत नव्हता. पण वाट पाहणाऱ्याला कारणे पुरत नाहीत. रक्कम पोहोचली, हे यंत्राने सांगितले होते. ती मामांना मिळाली, हे सांगणारे कोणी नव्हते. आजोबांच्या आईला सहीच्या वळणावरून मुलाचा ताप कळला. आमच्या हाती जो संदेश होता, त्यात कोणाच्याच हाताचे वळण नव्हते. कोणी म्हणे मामांना राग आला असेल. कोणी म्हणे रक्कम फार थोडी झाली.

नवव्या दिवशी गुरुजींच्या भ्रमणध्वनीवरून मामा बाईंशी बोलले. “बाई, ते पैशे आपल्या शाळेचेच हायेत का? मी तर वापस करायला बँकेत निघालो होतो.”

झाले होते ते असे. पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा पाचशे रुपये काढण्यासाठी सेवा केंद्रात गेले. अंगठा टेकविल्यावर यंत्राने जी शिल्लक सांगितली, ती ऐकून त्यांना प्रथम वाटले, अंगठा दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर पडला. केंद्रातील मुलाने नोंद काढून दिली. तीवर एका लांबलचक इंग्रजी नावाच्या संस्थेने १८,६४० रुपये पाठविल्याचे दिसत होते. ते आमच्या शाळेच्या संस्थेचे नोंदणीतील नाव. मामांनी तीस वर्षे शाळेत चाकरी केली. पण त्यांच्या लेखी तिचे नाव ‘शाळा’ एवढेच होते. हल्ली अनोळखी पैसे खात्यावर टाकून मागाहून माणसाला गोत्यात आणतात, हेही त्यांच्या कानावर होते. मुलगा म्हणाला, “काका, आले आहेत तर काढून घ्या, पत्रे तरी आणा.” मामांनी पाचशेच काढले, तेही आपल्या जुन्या शिलकेतले म्हणून वहीवर लिहून ठेवले आणि ते घरी परतले. घराच्या मागच्या बाजूस त्यांनी ताडपत्री बांधली होती. त्या आठ दिवसांत दोनदा पाऊस झाला. दोन्ही रात्री मामा-मामी गुरुजींच्या शाळेत निजावयास गेली. पैसे खात्यावर होते. ते कोणाच्या वतीने आले, हे सांगणारा विठू तेवढा आमच्या लिफाफ्यात अडकून, वाहून गेलेल्या पुलाच्या अलीकडे थांबला होता.

लिफाफा पोहोचला, गुरुजींनी तो वाचून दाखविला. तेव्हा मामांनी त्यांना त्या साऱ्या सह्या पुन्हा एकदा वाचावयास लावल्या, असे गुरुजींकडून कळले. सेवा केंद्राच्या यंत्रावर एका वेळी दहा हजारांहून अधिक निघत नाहीत, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी दहा व दुसऱ्या दिवशी आठ हजार काढले. पत्रे आले, विटा आल्या. दिवाळीच्या आत भिंत उभी राहिली.

मामांचे एक कार्ड दिवाळीनंतर आले. अक्षर मोठे, ओळी वर चढत गेलेल्या. त्यात आमच्यापैकी चौघांची नावे घेऊन चौकशी आहे, आणि घंटेची दोरी जुनी झाली असल्यास बदलून घ्यावी, पोरांच्या हाती देऊ नये, अशी सूचना आहे. शेवटी हिशेब दिला आहे. वरचे ६४० रुपये त्यांनी काढलेले नाहीत. ‘शाळेचे आहेत, मोडवत नाहीत,’ असे लिहून पुढे त्यांनी सही केली आहे. सही केवळ ‘मामा’ एवढीच.